बाकावरचा सेंटर

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या कॉलेजात बास्केटबॉलची टीम निवडायची पद्धत सोपी होती. सगळ्यांना ओळीत उभं करायचं आणि जो सगळ्यात उंच दिसेल त्याला सर सांगायचे, "तू बास्केटखाली." त्या वर्षी सगळ्यात उंच मी होतो, पाच फूट अकरा इंच. म्हणजे मी सेंटर झालो! खेळ येतो का, हा प्रश्न सरांना पडला नाही आणि मलाही नाही. पुढच्या मॅचमध्ये माझ्याहून बुटका एक मुलगा माझ्या पुढ्यात पाय रोवून उभा राहिला आणि एकामागून एक रिबाउंड, म्हणजे नेम चुकून परत आलेले चेंडू, घेऊन गेला. तेव्हापासून डोक्यात एक भुंगा आहे: सेंटर चांगला की वाईट हे ओळखायचं कशावरून?

त्यासाठी आज एकाच कॉलेजची गोष्ट सांगतो. लॉस एंजेलिसचं यूसीएलए. तिथे जॉन वुडन नावाचे कोच १९४८ साली आले. १९६४ ते १९७५ या बारा हंगामांत त्यांच्या संघानं अमेरिकेतलं कॉलेज विजेतेपद दहा वेळा जिंकलं. या दहा विजेतेपदांच्या काळात बास्केटखाली उभी राहिलेली माणसं एकमेकांसारखी अजिबात नव्हती.

पहिलं विजेतेपद १९६४ चं. सेंटर होता फ्रेड स्लॉटर, उंची सहा फूट पाच इंच. अंतिम सामन्यात समोर ड्यूक विद्यापीठ, आणि त्यांच्याकडे सहा फूट दहा इंचांचे दोन खेळाडू. यूसीएलए ९८-८३ नं जिंकलं, अख्ख्या हंगामात एकही सामना न हरता. कसं? समोरच्यानं चेंडू आत टाकला रे टाकला की पूर्ण कोर्टभर प्रेस, म्हणजे त्यांना तिथूनच गाठून दबाव टाकायचा. आणि त्या प्रेसच्या पहिल्या फळीत सेंटर स्वतः उभा. आमच्या सरांच्या हिशेबात सेंटर तिथे असूच शकत नाही. पण स्लॉटरच्या पायांत वेग होता आणि वुडननी त्याची उंची सोडून वेग वापरला.

मग आला ल्यू अल्सिंडर, सात फूट दोन इंच. पुढे जगानं त्याला करीम अब्दुल-जब्बार म्हणून ओळखलं. त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळायची परवानगी नसे. म्हणून नोव्हेंबर १९६५ मध्ये नव्या पॉली पॅव्हिलियनमध्ये पहिल्या वर्षाची मुलं विरुद्ध मुख्य संघ असा सामना झाला. मुख्य संघ म्हणजे सलग दोन वर्षांचे विजेते. मुलांनी त्यांना ७५-६० असं हरवलं. अल्सिंडरचे गुण ३१. म्हणजे देशातला सगळ्यात चांगला संघ त्या दिवशी बहुधा नियमांनुसार खेळूच शकत नव्हता!

तीन हंगामांत अल्सिंडरचा संघ ८८ सामने जिंकला आणि दोन हरला. त्यातली एक हार १९६८ च्या जानेवारीत ह्यूस्टन विद्यापीठाकडून, ७१-६९, अॅस्ट्रोडोममध्ये ५२ हजारांवर प्रेक्षकांसमोर. त्याच्या डोळ्याला आदल्याच आठवड्यात इजा झाली होती. दोन महिन्यांनी उपांत्य सामन्यात तोच ह्यूस्टन समोर आला, तेव्हा स्कोअर होता १०१-६९.

त्याची सरासरी सामन्याला सव्वीस गुणांच्या वर. पण हा आकडा मला तितकासा बोलका वाटत नाही. अल्सिंडर किती शॉट अडवायचा, ते अधिकृत नोंदीत शोधायला जाल तर सापडणार नाही. कॉलेज स्पर्धेत खेळाडूचे ब्लॉक अधिकृतपणे मोजायला लागले १९८५-८६ च्या हंगामात. आणि जे शॉट समोरच्यानं त्याला बघून मारलेच नाहीत, ते तर आजही कोणी मोजत नाही. समोरचा गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारा खेळाडू, आत घुसतो, वर बघतो, थबकतो, चेंडू बाहेर देतो. स्कोअरशीटवर यातलं काहीही येत नाही. सेंटरची खरी कमाई बरीचशी अशी बिनहिशेबी असते. १९६७ मध्ये तर कॉलेज बास्केटबॉलमधून डंकच, म्हणजे चेंडू वरून थेट रिंगमध्ये कोंबणंच, बंद केलं गेलं, आणि लोक म्हणायचे की हा नियम त्याच्यासाठीच आहे. ही बंदी १९७६ पर्यंत टिकली. त्यानं काय केलं? हुक शॉट, म्हणजे एका हातानं डोक्यावरून कमानीत टाकायचा शॉट, घासूनपुसून असा केला की पुढे वीस वर्षं व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये तो कोणाला नीट अडवता आला नाही.

अल्सिंडर गेल्यावर आला स्टीव्ह पॅटर्सन. याचं नाव फारसं कोणी घेत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. १९७० च्या अंतिम सामन्यात समोर जॅक्सनव्हिलचा सात फूट दोन इंची आर्टिस गिलमोर होता, तरी यूसीएलए जिंकलं. १९७१ च्या अंतिम सामन्यात पॅटर्सननं २९ गुण केले. आणि यूसीएलएच्या त्या प्रसिद्ध सलग ८८ विजयांची मालिका सगळे बिल वॉल्टनच्या नावावर टाकतात, पण तिचे पहिले पंधरा विजय पॅटर्सनच्या संघाचे आहेत. दोन थोरांच्या मध्ये उभं राहणाऱ्याच्या वाट्याला हेच येतं.

वॉल्टनकडे वळू या. १९७३ चा अंतिम सामना, मेम्फिस स्टेटविरुद्ध. बावीस शॉट मारले, एकवीस बास्केट झाली, ४४ गुण. हा पराक्रम सगळ्यांना पाठ असतो. त्याच सामन्यात ग्रेग ली नावाच्या गार्डच्या नावावर चौदा असिस्ट, म्हणजे ज्यांवर लगेच बास्केट झाली असे पास, आहेत, ते मात्र कोणी सांगत नाही. डंक बंद, म्हणून ली चेंडू रिंगजवळ उंच सोडायचा आणि वॉल्टन तो हवेतच झेलून हळूच आत ठेवायचा. पण वॉल्टनमध्ये बघण्यासारखं होतं ते दुसऱ्या टोकाला. रिबाउंड घेऊन पाय जमिनीला लागायच्या आत त्याचं अंग वळलेलं असायचं, आणि चेंडू अर्ध्या कोर्टाकडे निघालेला. समोरचा सेंटर अजून वरच बघतोय, आणि तिकडे बास्केट झालीसुद्धा.

आणि तरी १९७४ च्या उपांत्य सामन्यात वॉल्टननं २९ गुण आणि १८ रिबाउंड घेतले, आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेटनं दुसऱ्या जादा डावात ८०-७७ असं हरवलं. दुसऱ्या जादा डावात सात गुणांची आघाडी होती, तीही गेली.

अल्सिंडर की वॉल्टन, असं मला विचाराल, तर एकच सामना जिंकायचा असेल तर अल्सिंडर. वर्षभर बसून बघायचं असेल तर वॉल्टन.

पण मला सांगायचंय ते तिसऱ्याच माणसाबद्दल. त्याचं नाव स्वेन नेटर. जन्म नेदरलँड्सचा, लहानपणी अमेरिकेत आला. सहा फूट अकरा इंच. यूसीएलएत दोन हंगाम होता, आणि एकाही सामन्यात सुरुवातीच्या पाचांत नव्हता. कसा असेल? पुढे वॉल्टन होता ना. नेटरचं काम सरावात वॉल्टनशी रोज झुंजायचं. म्हणजे देशातल्या सर्वोत्तम सेंटरसमोर सर्वांत कडवा प्रतिस्पर्धी त्याच्याच संघात, बंद दारामागे उभा असायचा, आणि या झुंजीचा स्कोअर कोणी लिहून ठेवत नसे.

१९७३ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिल्याच फेरीत नेटरचं नाव पुकारलं गेलं. कॉलेजात एकही सामना सुरू न केलेला मुलगा! निवडणाऱ्यांनी स्कोअरशीट बाजूला ठेवली असणार. दुसऱ्याच वर्षी एबीए या लीगमध्ये तो सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला आणि त्याच्या पुढच्या हंगामात तिथे रिबाउंडमध्ये अव्वल आला.

नंतर तो एनबीए या दुसऱ्या व्यावसायिक लीगमध्ये सॅन डिएगो क्लिपर्सकडून खेळला. १९७९ मध्ये त्याच संघात कोण आलं, तर बिल वॉल्टन. पुन्हा एक जागा आणि तेच दोघं. वॉल्टनचा पाय दुखावलेला होता. तो हंगामातले फक्त चौदा सामने खेळू शकला. नेटर मात्र खेळत राहिला, आणि त्या हंगामात सामन्याला सरासरी पंधरा रिबाउंड घेऊन अख्ख्या एनबीएत पहिला आला.

नमस्कार.