कोनाड्यातला कप

नमस्कार श्रोतेहो.

2025 च्या मार्च महिन्यातली 17 तारीख नागपूरकर सहजी विसरायचे नाहीत. त्या संध्याकाळी महाल भागात हिंदू-मुस्लिम तणावातून दगडफेक झाली, गाड्या जळल्या, आणि मग शहरातल्या 11 पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. मी राहते त्रिमूर्तीनगरात. आमच्याकडे रस्ता नेहमीसारखा सुरू होता, फक्त लोक हळू आवाजात बोलत होते. रात्री नऊच्या सुमारास घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. वर ते दोन बाणांचं चिन्ह होतं, म्हणजे तो आधीच खूप जणांनी पुढे ढकललेला होता. त्यात काय लिहिलं होतं ते मी इथे सांगणार नाही. त्या रात्री एका बाजूच्या फोनवर एक अफवा फिरत होती, दुसऱ्या बाजूच्या फोनवर दुसरी. दोन्ही बाजूंना आपापली अफवा पटत होती.

मी तो मेसेज पुढे पाठवला नाही. पण तो खोटा असेल, असंही माझ्या मनात आलं नाही. मला तो पटला. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, मुलांना 'पुरावा काय?' असं विचारायला लावलं, आणि मीच पुरावा न मागता विश्वास ठेवला. असं का झालं, याचा विचार तेव्हापासून करते आहे. आज तेच तुमच्यापुढे ठेवते.

माझे वडील इतवारीत एका कापडाच्या पेढीवर मुनीम होते. पेढीवर लुगडी यायची ती शहरातल्याच मागांवरून. गोळीबार चौक, पाचपावलीकडचे कोष्टी विणकर आणि मोमिनपुऱ्यातले मोमीन विणकर, दोघंही आठवड्याचा माल खांद्यावर टाकून येत. मोमीन विणकरांचे पूर्वज उत्तरेकडून इकडे आलेले, कोष्टी इथलेच जुने. पण सूत महागलं की दोन्हीकडचे माग थांबत आणि व्यापाऱ्यानं भाव पाडला की दोघंही पेढीच्या पायरीवर शेजारी शेजारी बसून राहत. बाबांच्या वहीत नावापुढे धर्म नसायचा. काठ किती बोटं, सूत किती नंबरचं, एवढंच असायचं.

रविवारी हिशेबासाठी मोमिनपुऱ्यातले एक म्हातारे विणकर आमच्या घरी येत. बाबा त्यांना 'चाचा' म्हणत आणि उठून उभे राहत. आई चहा करी. तो चहा एका कपात दिला जाई. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात तो पालथा घातलेला असे. कान तुटलेला, निळ्या कडेचा. चाचा चहा पिऊन झाल्यावर नळावर जाऊन तो स्वतः विसळत आणि परत कोनाड्यात पालथा ठेवत. त्याच कोनाड्यात दुसराही एक कप होता. तो इंदोऱ्याहून, म्हणजे शहरातल्या दलित वस्तीतून, सुतारकामाला येणाऱ्या माणसाचा.

माझ्या घरात कुणी कुणाचा द्वेष करत नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. चाचांच्या घरी बाळंतपण होतं तेव्हा आईनं जुनी मऊ लुगडी पाठवली होती. पण कप वेगळा होता. मी सात-आठ वर्षांची असताना त्या कपाला हात लावला तर आई नुसती बघायची. त्या बघण्यातून मी जे शिकले ते कुठल्याच भाषणातून शिकले नाही. पुढे फोनवरचा तो मेसेज मला पटला, तो त्याच शिकवणीमुळे.

आता राजकारणाकडे येते.

आपण नेहमी म्हणतो की नेते लोकांमध्ये भेद निर्माण करतात. मला हे अर्धंच खरं वाटतं. नव्यानं द्वेष पेरायचा तर पिढ्या लागतात, आणि निवडणूक पाच वर्षांनी असते. त्यांना माल तयार लागतो. तो आपण घरोघरी कोनाड्यात ठेवलेला असतो. ते फक्त उचलतात, त्याला मोठा कर्णा लावतात आणि आपल्यालाच ऐकवतात. आणि आपल्याला वाटतं, हा माणूस किती आपल्या मनातलं बोलला!

आमच्या गल्लीतला एक मुलगा इंजिनिअरिंग झालेला आहे. माझाच विद्यार्थी. तीन वर्षं मुलाखती दिल्या, आता दुचाकीवरून जेवणाची पार्सलं पोचवतो. निवडणूक आली की तो सभांना जातो. एकदा मी विचारलं, "काय बोलले रे आज?" तो खूप तावातावानं सांगत होता. पंधरा मिनिटं सांगितलं. त्यात नोकरीचा शब्द नव्हता. मी म्हटलं, "तुझ्या कामाचं काही बोलले का?" तो थांबला. म्हणाला, "मॅडम, आधी हे लोक आटोक्यात आले पाहिजेत, मग बाकीचं."

सगळी युक्ती या एका वाक्यात आहे. नोकरी आणणं अवघड. कापसाला भाव मिळवून देणं अवघड. त्याचा हिशेब मागितला जातो. पण 'ते' आटोक्यात आले की नाहीत, हे मोजायचं कसं आणि कधी? ते कधीच पुरेसे आटोक्यात येत नाहीत, म्हणून 'मग बाकीचं' कधीच सुरू होत नाही. शिवाय ज्यांच्याकडे बोट दाखवायचं ते संख्येनं कमी, म्हणजे त्यांची मतं गेली तरी चालतात. हिटलर सत्तेवर आला त्या 1933 साली जर्मनीत ज्यू लोक एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होते. शंभरातला तो एक माणूस उरलेल्या नव्व्याण्णवांच्या सगळ्या दुःखांचं कारण आहे, हे एका शिकल्यासवरल्या देशानं मानलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत निघते. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत आपण रोगराई गावाबाहेर नेतो. सोबतच्या बडग्यांच्या गळ्यात पाट्या असतात: महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी लोकांना जे छळतं ते. पुतळा तोच ठेवून पाटी बदलायला कितीसा वेळ लागतो? महागाईची काढायची आणि शेजाऱ्याच्या नावाची घालायची. लोकांचा राग खरा असतो, इडापीडाही खरी असते. पाटी तेवढी खोटी.

यातली एक पाटी मी वर्षानुवर्षं ऐकते आहे, की 'त्यांची' लोकसंख्या वाढतेय, उद्या आपण उरणार नाही. शिक्षिका आहे, म्हणून आकडे पाहिले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सरकारच करतं. 1992-93 मध्ये एका मुस्लिम स्त्रीमागे सरासरी 4.4 मुलं होती, 2019-21 मध्ये 2.36. हिंदू स्त्रीमागे तेव्हा 3.3 होती, आता 1.94. दोघींच्या घरातला पाळणा कमी झाला आणि दोघींमधलं अंतरही 1.1 वरून 0.4 वर आलं. मुलगी शाळेत टिकली, दवाखाना जवळ आला की हा बदल होतो, मग तिचं नाव काहीही असो. हे मी माझ्या वर्गात बसलेल्या मुलींच्या आयुष्यातही पाहिलं आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ते प्रामाणिक होणार नाही. अल्पसंख्याकांच्या नावानं राजकारण करणारेही भीतीवरच जगतात. 'बाहेर सगळे तुमच्या जिवावर उठलेत, मीच तुमचा राखणदार' असं म्हटलं की मोहल्ल्यातली गटारं, मुलींची शाळा, तरुणांचं काम याबद्दल त्यांनाही कुणी विचारत नाही. एका बाजूचं जहाल भाषण दुसऱ्या बाजूच्या जहाल भाषणाला रोजगार देतं.

आणि अल्पसंख्य म्हणजे कोण? गाव बदललं की उत्तर बदलतं. बेळगावात मराठी माणूस भाषेनं अल्पसंख्य आहे आणि आपल्या मुलांच्या मराठी शाळेसाठी, मराठी पाटीसाठी झगडतो, तेव्हा आपल्या पोटात तुटतं. बांगलादेशात हिंदू अल्पसंख्य आहेत, तिथे दुर्गापूजेच्या मंडपावर हल्ला झाला की आपल्याला झोप येत नाही. ते दुःख अगदी रास्त आहे. तेच दुःख मोमिनपुऱ्यापाशी येऊन का थांबतं, एवढंच मला विचारायचं आहे. धर्मच कशाला? 1871 साली इंग्रजांनी कायदा करून पारध्यांसारख्या कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा 1952 साली रद्द झाला, पण गावात चोरी झाली की आजही पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, जाते. 2018 च्या 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, ही अफवा मोबाईलवर फिरत होती. ती माणसं मंगळवेढ्याकडून पोट भरायला आलेली होती. परकी माणसं, वेगळा वेश, एवढं पुरलं.

मी हे रेडिओवरून बोलते आहे, म्हणून रवांडाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

रवांडा हा आफ्रिकेतला छोटासा देश. तिथे हुतू बहुसंख्य, तुत्सी अल्पसंख्य. दोघांची भाषा एक, बहुतेकांचा धर्म एक, राहणं एकाच टेकडीवर, सोयरिकीही होत. बेल्जियमच्या राजवटीत प्रत्येकाच्या ओळखपत्रावर तो हुतू की तुत्सी हे छापलं गेलं. 1993 साली तिथे एक नवं रेडिओ केंद्र सुरू झालं. सरकारी केंद्रासारखं कंटाळवाणं नाही. नाचायला लावणारी गाणी, गप्पा, हसतखेळत बोलणारे तरुण निवेदक, श्रोत्यांचे फोन. लोकांना ते फार आवडलं. त्या गप्पांमध्येच तुत्सींना 'झुरळं' म्हटलं जाऊ लागलं. आधी गमतीत, मग सवयीनं. माणसाला झुरळ म्हणायची कानाला सवय झाली की पुढचं सोपं होतं. 1994 च्या एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली, तेव्हा त्याच केंद्रावरून कोण कुठे लपलंय, कुठली गाडी अडवा, हे सांगितलं जात होतं. सुमारे शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसं मारली गेली. मारणारे बहुतेक शेजारीच होते, आणि हत्यारं घरातलीच, शेतातली. रस्त्यावरच्या नाक्यांवर ओळखपत्र पाहून जगायचं की मरायचं ते ठरत होतं. 2003 साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं त्या केंद्राच्या चालकांना दोषी ठरवलं. शब्द बोलणाऱ्यांनाही हत्याकांडाची शिक्षा झाली.

आपण रवांडा नाही. पण आज प्रत्येकाच्या खिशात एक केंद्र आहे. सकाळी 'सुप्रभात' पाठवणारा हातच दुपारी झुरळ म्हणणारा विनोद पाठवतो. मी असे विनोद वाचून हसलेली आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना याबद्दल फार स्पष्ट सांगितलं होतं. अल्पसंख्याकांविरुद्ध भेदभाव न करणं हे आपलं कर्तव्य आहे, हे बहुसंख्याकांनी ओळखलं पाहिजे, आणि अल्पसंख्य हा वेगळा गट म्हणून राहील की विरून जाईल हे बहुसंख्याकांच्या याच सवयीवर अवलंबून आहे, असा त्यांचा मुद्दा होता. भेदभाव थांबला की अल्पसंख्याकांना वेगळं असण्याचं कारणच उरत नाही. ज्या शहरात त्यांनी 1956 साली धम्मदीक्षा घेतली त्या शहरात आपण राहतो. आमच्या कोनाड्यातला तो दुसरा कप कुणाचा होता, हे मी तुम्हाला सांगितलंच आहे.

कायदा आहे. धर्म, जात, भाषा यांच्या नावानं मत मागणं किंवा वैर पसरवणं हा 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचार आहे. पण कायदा पोचेपर्यंत रात्र उलटून गेलेली असते. त्या रात्री कामाला येते ती ओळख. भिवंडीत 1984 साली भीषण दंगल झाली होती. पुढे सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्हीकडची साधी माणसं, रिक्षावाले, यंत्रमागवाले, दुकानदार, पोलिसांबरोबर नियमित बसू लागली. पाण्याचं, भांडणाचं, सगळंच बोलू लागली. 1992 च्या डिसेंबरात आणि 1993 च्या जानेवारीत मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. अफवा आली तेव्हा ती खरी का, हे विचारायला पलीकडे ओळखीचं माणूस होतं.

माझ्याकडे त्या मार्चच्या रात्री असं कुणीच नव्हतं. बाबांकडे निदान चाचा होते. माझ्या फोनमध्ये चारशेच्या वर नंबर आहेत, मोमिनपुऱ्यातला एकही नाही. आणि तो का नाही, याला मीच कारणीभूत आहे.

दंगलीच्या आधीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमची वरची खोली भाड्यानं द्यायची होती. गेटवर पाटी लावली. एक मुलगी वडिलांबरोबर आली. औषधाच्या दुकानात काम करते म्हणाली, फार्मसी झालेली, बोलायला नीट. खोली तिला आवडली. मी नाव विचारलं. तिनं सांगितलं. मी म्हटलं, "अगं, कालच एकानं आगाऊ रक्कम देऊन ठेवली, सांगायचं राहून गेलं." वडील लगेच म्हणाले, "काही हरकत नाही ताई," आणि चपला घालू लागले. त्यांना त्या चपला घालायची सवय होती, हे मला तेव्हाही दिसलं. खोली नंतर दोन महिने रिकामी होती.

संचारबंदी उठल्यावर एका दिवशी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला नेहमीपेक्षा वेगळ्या दुकानात गेले, तर काउंटरवर तीच. तिनं ओळखलं. गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापून दिली, सकाळी उपाशीपोटी घेऊ नका म्हणाली. मी पैसे काढले आणि मग ठेवले तसेच हातात. म्हटलं, "बेटा, त्या दिवशी खोली रिकामीच होती. मी खोटं बोलले."

ती पिशवीची कडा दुमडत राहिली. मग म्हणाली, "माहीत होतं काकू. पाटी संक्रांतीपर्यंत गेटवरच होती. मी रोज त्याच रस्त्यानं जाते."

आणि तिनं सुट्टे पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले.