‘नव्वद टक्के झालंय’ म्हणजे नेमकं काय?

प्रोजेक्ट मॅनेजर व्हायला आधी कोणती परीक्षा द्यावी, हे मला नेहमी विचारलं जातं. तेवढं आधी सांगून टाकते. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था १९८४ पासून पीएमपीची, म्हणजे ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल’ची परीक्षा घेते. चार वर्षांची पदवी असेल तर या परीक्षेला बसायला ३६ महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. अनुभव नसेल त्यांच्यासाठी त्याच संस्थेची सुरुवातीची परीक्षा, सीएपीएम, आहे. दोन्ही परीक्षा जरूर द्या. पण पीएमपीची अट नीट बघा, अनुभव आधी मागितलाय. म्हणजे हे काम पद मिळण्याआधीच सुरू करावं लागतं.

कुठून? मीटिंगच्या मिनिट्सपासून, म्हणजे मीटिंगमध्ये काय ठरलं त्याच्या नोंदीपासून. कारकुनी काम म्हणून सगळे ते टाळतात. तुम्ही मागून घ्या. कोण, काय, कधीपर्यंत, एवढं दर आठवड्याला लिहिलंत की कोणाचं काम कोणापाशी अडकलंय हे तुम्हाला साहेबांच्या आधी कळायला लागतं.

आता जे मला खरं सांगायचंय ते. माझ्या पहिल्या प्रकल्पात जुन्या सॉफ्टवेअरमधला डेटा नव्यात आणायचा होता. ते काम करणारा तरुण सहकारी चार आठवडे ‘नव्वद टक्के झालंय’ म्हणत होता आणि मी चार आठवडे स्टेटस रिपोर्टमध्ये हिरवा रंग, म्हणजे ‘सगळं वेळेवर’, भरत होते. पाचव्या आठवड्यात त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तारखेत दिवस आधी होता, नवं महिना आधी वाचत होतं. तेरा तारखेपासून पुढच्या नोंदी नाकारल्या जायच्या, त्या त्याने दुरुस्त केल्या होत्या. पण ३ एप्रिलची नोंद बिनबोभाट ४ मार्चला जाऊन बसली होती. अशा हजारो. त्याला हे माहीत होतं. मी दर वेळी फक्त टक्के विचारले, म्हणून त्याने फक्त टक्केच सांगितले. चूक माझ्या प्रश्नात होती.

वरिष्ठ म्हणाले, आणखी पाच माणसं घे. मी नको म्हटलं. आयबीएममध्ये ओएस/३६० या मोठ्या संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेले फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. हिशोब करून बघा. पाच जणांत बोलणाऱ्या जोड्या होतात १०, दहा जणांत ४५. शिवाय नव्यांना शिकवणार कोण? ज्याच्या हातात काम अडकलंय तोच.

क्लायंटला दोन आठवड्यांचा उशीर सांगितला. ते चिडले, पण उशिरावर नाही. ‘हे महिनाभर आमच्यापासून का लपवलंत?’ म्हणाले. त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी टक्के विचारत नाही. ‘काय उरलंय, आणि त्यासाठी तू कोणाची वाट बघतोयस?’ एवढंच विचारते. आणि उत्तर वाईट असलं तर आवाज चढवत नाही. चढवला की पुढच्या आठवड्यापासून सगळं पुन्हा नव्वद टक्के.

आता मुलाखती मी घेते. यशस्वी प्रकल्पांच्या गोष्टी सगळ्यांच्या तयार असतात. मी विचारते, तारीख हुकणार हे तुम्हाला कोणत्या दिवशी कळलं, आणि क्लायंटला कोणत्या दिवशी सांगितलंत? मग त्या दोन तारखांमधलं अंतर मोजते.