हमिंग कुठून येऊन राहिलं?

(दृश्य : सबवूफरचा, म्हणजे जाड आवाजाच्या स्पीकरचा कोन, पुढेमागे हलणारा शंकूसारखा पडदा, अगदी जवळून)

चित्रपट लागलेला नाही. तरी हा कोन थरथरतोय आणि घुमल्यासारखं हमिंग येतंय, त्यावरची धूळ पाहा. आवाज मोजणाऱ्या मोबाइलच्या अॅपमध्ये दोन सुळके उभे आहेत. एक 50 हर्ट्झवर, दुसरा 100 वर. आपल्या घरातली वीजही 50 हर्ट्झचीच. म्हणजे स्पीकर सध्या बोर्डातली वीज ऐकवतोय.

नागपूर, मनीषनगर. या घरात होम थिएटरचा अॅम्प्लिफायर बदलायचं जवळपास ठरलं होतं. मेकॅनिकने स्क्रू-ड्रायव्हर मात्र पिशवीतच ठेवला. "भाऊ, मशीन चांगली आहे. पहिले वायरी पाहू द्या."

(दृश्य : शोकेसच्या मागे वायरींचा गुंता)

पद्धत साधी. एकेक वायर काढायची आणि ऐकायचं. ब्लू-रे प्लेयर काढला, हमिंग तसंच. गेमचा डबा काढला, तसंच. मग सेट-टॉप बॉक्सच्या पाठीमागची केबलवाल्याची वायर फिरवून सोडवली.

(इथे निवेदन नाही. नुसती शांतता.)

केबलची वायर बाहेरून, खांबावरून येते. तिच्या आतल्या जाळीचं अर्थिंग बाहेरच कुठेतरी झालेलं असतं. सबवूफरचं अर्थिंग घरातल्या तीन पिनच्या सॉकेटमधून. दोन ठिकाणच्या जमिनीत थोडा व्होल्टेजचा फरक राहतोच, आणि त्या फरकाचा करंट सेट-टॉप बॉक्स, टीव्ही, अॅम्प्लिफायर अशी फेरी मारत सबवूफरपर्यंत येतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. लूपमध्ये अडकलेली प्रत्येक मशीन धडधाकट असू शकते. म्हणूनच ती बदलून उपयोग होत नाही, आणि तरी सगळ्यात आधी तीच बदलली जाते.

(दृश्य : अंगणातला अर्थिंगचा खड्डा, बादलीने पाणी)

ही विदर्भाची काळी माती. मे महिन्यात भेगाळते, आणि कोरड्या मातीत करंट नीट मुरत नाही. मीठ-कोळसा भरलेल्या या खड्ड्याला म्हणून उन्हाळ्यात पाणी पाजावं लागतं. आजच्या हमिंगशी या बादलीचा थेट संबंध नाही, पण मेकॅनिक कोणत्याही घरी गेला की हे झाकण उघडतोच.

(दृश्य : पिशवीतून काढलेला प्लग)

वरची जाड पिन पाहा. तोडलेली आहे. दुसऱ्या एका घरून आणलेला हा प्लग. अर्थिंगची पिन काढली की लूप तुटतो, हमिंग थांबतं, आणि काम झालं म्हणून पैसे घेता येतात. पुढे आत कुठे इन्सुलेशन सुटलं, तर पत्र्यावर आलेला करंट हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो.

या घरी पिन शाबूत राहिली. केबलच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे हा लूप तोडणारा छोटा तुकडा, बसला. बोटाच्या पेराएवढा आहे, कॅमेऱ्यात धड दिसतही नाही.

(दृश्य : पेन्सिल सेल आणि स्पीकरची वायर)

हा भाग आमच्या आवडीचा. घरच्या बाईंची तक्रार होती की गाण्यात दम नाही, आणि संवाद ऐकू येत नाहीत. स्पीकरच्या वायरी अॅम्प्लिफायरपासून सोडवल्या आणि दीड व्होल्टचा सेल टेकवला. प्लसला प्लस, तर कोनाने बाहेर उसळायला हवं. उजवा उसळला. डावा आत गेला. पुन्हा पाहा, हळू करून. शोकेसमागे टेप गुंडाळलेल्या जोडात लाल-काळी वायर उलटी जोडली होती. एक कोन हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि बेस, म्हणजे जाड आवाज, एकमेकांत जिरतो. इक्वलायझर वाढवून तो परत येत नाही.

संवाद ऐकू न येण्याचं कारण टीव्हीच्या सेटिंगमध्ये निघालं. डिजिटल आउटपुट पीसीएम नावाच्या पर्यायावर होतं, त्यामुळे पाच स्पीकरच्या जागी दोनच चॅनल पोचत होते आणि मधला सेंटर स्पीकर, ज्यातून संवाद येतात, तो गप्प. सेटिंग बिटस्ट्रीमवर नेलं, म्हणजे मूळ आवाज जसाच्या तसा अॅम्प्लिफायरकडे जाऊ दिला, सेंटर बोलू लागला.

(दृश्य : खिडकीतला कुलर, खसची जाळी)

राहिला हा. पंखा आणि पंप चालू असताना पुटपुटलेले संवाद बुडतात, म्हणून आवाज वाढवला जातो, मग गोळीबार सुरू झाला की शेजारी दार वाजवतात. अॅम्प्लिफायरमधला नाइट मोड हळू आणि मोठा आवाज ही दोन्ही टोकं जवळ आणतो, पण बाईंना तो पसंत पडला नाही. मेकॅनिकने सेंटर स्पीकर तीन डेसिबलने वर चढवून दिला. पाऊस आला, कुलर बंद झाला, की त्यांनी तो स्वतः खाली आणायचा. रिमोटवरचं बटण दाखवून ठेवलंय.