पुरुमेंत आणि मडक्यातलं पीठ

मंडळी, नमस्कार.

गोव्यात मे महिना म्हणजे पुरुमेंत. सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, खारे बांगडे, सोलं, चिंच, वर्षाची मिरची. पाऊस लागायच्या आत घर भरायचं. मडगावात तर चर्चच्या फेस्तालाच, म्हणजे सणालाच, पुरुमेंताचं फेस्त म्हणतात. डिचोलीकडच्या आमच्या घरी फेस्त नव्हतं, पण माळा भरलेला असायचा. इथं तुमचे फ्रीझर असतात तसा.

आज जिच्याविषयी बोलायचंय, तिचं पुरुमेंत संपलं होतं. बायबलमधली सारफथची विधवा. (आपल्या मंडळात ही गोष्ट कुठून, असं वाटेल. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी १६१६ सालीच बायबलची कथा मराठी ओव्यांत आणली, तेव्हा ती तशी आपल्या घरचीच.) दुष्काळ पडलेला. एलीया संदेष्टा करीथ ओहोळापाशी राहिला. सकाळ-संध्याकाळ कावळे त्याला भाकरी आणि मांस आणून देत. आपण पितृपक्षात कावळ्याची वाट बघत पान मांडून बसतो, तिथं कावळाच वाढायला येतो! मग ओहोळही आटला. देवानं त्याला पाठवलं ते सीदोनच्या मुलखात, परक्या लोकांत, आणि तेही एका भुकेल्या बाईकडे.

ती काटक्या वेचत होती. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल. भाकर करायची, मुलाला घालायची, आपण खायची, मग मरायचं. एलीया म्हणाला, भिऊ नको, पण आधी मला एक लहान भाकर करून आण.

त्या ‘आधी’पाशी मी दर वेळी अडखळतो. उरलं तर दे, असं तो म्हणत नाही. आपल्याकडे चतुर्थीच्या सुमारास नव्या भाताची कणसं आधी देवाला जातात, मग दाराला लागतात. ऑगस्टात गावोगावच्या चर्चांत कणसांचं फेस्त होतं, तेव्हाही पहिली कणसं वेदीवर. पण शेत पिकलेलं असताना पहिलं देणं सोपं. तिच्याकडचं पहिलं हेच शेवटचं होतं. तरी तिनं दिलं.

आणि पुढचं नीट वाचा. मडकं भरलं, असं कुठंही म्हटलेलं नाही. पाऊस येईपर्यंत पीठ सरलं नाही, तेल आटलं नाही, एवढंच. द्या म्हणजे दामदुप्पट मिळेल, असं सांगणाऱ्यांवर म्हणूनच माझा विश्वास नाही.

१९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहानंतर गोव्याची सीमा बंद झाली. घाटावरून येणारा माल थांबला. माझी आजी तांदूळ धुण्याआधी त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची, दारात येईल त्याच्यासाठी. आजोबा चिडायचे, “आपल्यालाच पुरत नाही, आणि तू काढून काय ठेवतेस?” ती म्हणायची, “नंतर काढायला गेले तर उरणार आहे का?”

तिचा डबा कधी रिकामा झाला नाही, असं मी सांगणार नाही. झाला. एका श्रावणात दोन दिवस सगळ्यांनी पातळ पेजेवर काढले. तिसऱ्या दिवशी वरच्या वाड्यावरची एक बाई पदराखाली नाचणी घेऊन आली. महिन्याभरापूर्वी तिच्या पोरांच्या पोटात त्याच डब्यातला तांदूळ गेला होता. आजी ही हकिकत सांगताना देवाचं नाव घ्यायची, आणि त्याच दमात त्या बाईचं.