दुपट्ट्याआडचं नाक

(दृश्य: सकाळ. मेडिकल चौक, मग ओपीडीची रांग.)

नागपुरात ‘मेडिकल’, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, म्हटलं की पत्ता सांगावा लागत नाही. मे महिन्यात सारं शहरच तोंडाला दुपट्टा बांधून फिरतं. पण काही जण तो डिसेंबरातही सोडत नाहीत. त्याआड खचलेलं नाक असतं.

रांगेतला हा तरुण दोन वर्षांपूर्वी गाडीवरून पडला. हाड मोडलं नव्हतं, म्हणून घरी पाठवलं गेलं. पण नाकाच्या पडद्यात, म्हणजे दोन नाकपुड्यांमधल्या भिंतीत, रक्त साकळलं होतं. पडद्यातल्या कूर्चेला, म्हणजे लवचिक मऊ हाडाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरच्या आवरणातून तिचं पोषण होतं. मध्ये रक्त साचलं की आवरण सुटतं आणि तीन-चार दिवसांत कूर्चा मरू लागते. आधाराचा खांबच गेला, की वरचं छप्पर खचतं. मार लागल्यावर दोन्ही नाकपुड्या बंद झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. हे सांगण्यासाठीच खरं तर आम्ही कॅमेरा उचलला.

(दृश्य: शस्त्रक्रियागृहाचा दरवाजा.)

आता तो खांब पुन्हा रोवायचा. पडद्यातली कूर्चा उरली असेल तर ती, नाहीतर कानाची. जास्त लागली तर बरगडीची. बरगडीची भक्कम असते, पण कोरल्यावर वाकू शकते. गाभ्यातून, दोन्ही बाजूंनी समतोल कोरलेला तुकडा सरळ राहतो, हे गिब्सन आणि डेव्हिस या संशोधकांनी १९५८ साली दाखवलं. आणि जिथे नाकाची कातडीच गेलेली असते, तिथे आजही कपाळाची कातडी वळवून आणतात. हे कसब आपल्या पुण्याकडचं. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात ते चित्रासह छापून आलं होतं.

आठवड्याभराने प्लास्टर निघतं आणि घरचे मोबाइल काढतात. तो फोटो म्हणजे निकाल नव्हे. सूज हळूहळू उतरते, शेंड्याची सगळ्यात शेवटी. कातडी जाड असेल किंवा आधी शस्त्रक्रिया झाली असेल, तर वर्षाहूनही जास्त लागतं. दुभंगलेला ओठ लहानपणी शिवूनही ज्यांची एक नाकपुडी चपटी राहते, त्यांना तर चेहऱ्याची वाढ पुरी होईपर्यंत थांबावं लागतं. एवढं करूनही दोन्ही बाजू अगदी सारख्या क्वचितच होतात. हे आधीच सांगणारा डॉक्टर आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो.

मग निकाल मोजायचा कसा? डॉक्टर पाच प्रश्न विचारतात: नाक चोंदतं का, बंद पडतं का, श्वासाला त्रास होतो का, झोप लागते का, मेहनतीच्या वेळी हवा पुरते का. दिसण्याबद्दल त्यात एकही प्रश्न नाही.

(दृश्य: फुटाळा तलाव, संध्याकाळ. दुपट्टा गळ्यात.)

नाकावरचा खळगा पूर्ण भरलेला नाही. उजवीकडून पाहिलं की थोडा दिसतो. कसं वाटतं, असं विचारलं तर तो म्हणाला, “रात्री तोंड मिटून झोपतो ना आता मी.”