एका अक्षराचा फरक

[पडद्यावर: सूक्ष्मदर्शकाखालचं रक्त. गोल पेशींमध्ये काही विळ्यासारख्या वाकलेल्या.]

गडचिरोलीत किंवा नंदुरबारमध्ये ‘सिकलसेल’ म्हणजे काय, हे फारसं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तांबड्या पेशी वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे ठणकू लागतात. या दुखण्याचं मूळ हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिन नावाच्या साखळीत आहे. तिच्यात १४६ अमिनो आम्लं एकापुढे एक गुंफलेली असतात. त्यातलं फक्त सहावं बदललेलं असतं.

केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५०च्या दशकात हा फरक पकडला, तोही डेटाबेसशिवाय. त्यांनी प्रथिनाचे तुकडे केले, ते कागदावर पसरवले आणि निरोगी व आजारी रक्ताचे ठिपके ताडून पाहिले. एक ठिपका जागचा हलला होता. तिथे ग्लुटामिक आम्ल जाऊन व्हॅलिन आलं होतं.

ताडून पाहायचं तर समोर दुसरं काही हवंच. १९६५ साली अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माहीत असलेले प्रथिनांचे क्रम, म्हणजे अमिनो आम्लं कोणत्या ओळीने येतात ते, एका पुस्तकात गोळा केले. त्यात प्रथिनं होती ६५. प्रत्येक अमिनो आम्लाला एकच अक्षर द्यायची पद्धतही डेहॉफ यांचीच. ग्लुटामिक आम्ल म्हणजे ई, व्हॅलिन म्हणजे व्ही.

पुढे पुस्तक पुरेना. डीएनएच्या क्रमांसाठी अमेरिकेत १९८२ साली जेनबँक सुरू झाली. युरोप आणि जपानचे असेच डेटाबेस आहेत आणि तिघांत रोज देवाणघेवाण होते. प्रथिनांसाठी युनिप्रॉट. त्याचे दोन भाग आहेत, आणि नवख्यांनी हे आधी समजून घ्यावं. स्विस-प्रॉटमधली नोंद माणसाने वाचून, तपासून केलेली असते. ट्रेम्बलमधली संगणकाने लावलेली. हे प्रथिन त्याच्यासारखं दिसतं, म्हणजे कामही तेच करत असणार, असा तिथला हिशेब. मूळ नोंद चुकली, तर ती चूक पुढच्या नोंदींत उतरत जाते.

[पडद्यावर: ब्लास्टची खिडकी. चौकटीत अक्षरांच्या ओळी चिकटवल्या जातात.]

आता सिकलसेलच्या बीटा ग्लोबिनचा क्रम ब्लास्टमध्ये टाकू. दिलेल्या क्रमासारखे क्रम डेटाबेसमध्ये शोधायचं हे साधन. ते १९९० सालचं. दोन क्रमांची टोकापासून टोकापर्यंत जुळणी करायची पद्धत त्याच्या २० वर्षं आधीची, पण सगळा डेटाबेस तसा धुंडाळायचा तर फार वेळ जातो. ब्लास्ट आधी तीन-तीन अक्षरांचे जुळते तुकडे हुडकतं आणि तिथून दोन्ही बाजूंना सरकत जातं. एखादं दूरचं नातं निसटतं, पण उत्तर लगेच मिळतं.

[पडद्यावर: एकाखाली एक दोन ओळी. व्ही-एच-एल-टी-पी-ई-ई-के. व्ही-एच-एल-टी-पी-व्ही-ई-के.]

सहाव्या जागी पाहा. वर ई, खाली व्ही. बाकी सगळं तंतोतंत. साम्य ९९ टक्के.

आता माणसाशेजारी गोरिलाचं बीटा ग्लोबिन ठेवू. तिथेही एकाच अमिनो आम्लाचा फरक, साम्य तेच ९९ टक्के. गोरिला ठणठणीत आहे.

टक्केवारी इथे काहीच सांगत नाही. थोडं फार सांगतो तो गुणतक्ता, म्हणजे कुठल्या अक्षराच्या जागी कुठलं आलं तर किती गुण याचा तक्ता. ब्लास्ट वापरतं त्या ब्लोसम-६२ तक्त्यात ई तसाच राहिला तर अधिक ५ गुण, ईच्या जागी व्ही आला तर उणे २. गोरिलात अर्जिनिनच्या जागी लायसिन आहे. दोघांचा स्वभाव मिळताजुळता, म्हणून ही अदलाबदल असूनही अधिक २. पण १४६ अक्षरांच्या बेरजेत हा फरक बुडून जातो. व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहतं, म्हणून प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात आणि पेशीला वाकवतात. हे ब्लास्ट सांगत नाही. ते प्रयोगशाळेतून आणि दवाखान्यातून कळतं आणि कुणीतरी नोंदीत लिहून ठेवतं.

निकालात ई-मूल्य म्हणून एक रकाना असतो. इतकं साम्य निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडलं असतं, याचा तो अंदाज. शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. डेटाबेस दुप्पट झाला की त्याच जुळणीचं ई-मूल्यही साधारण दुप्पट होतं, त्यामुळे जुने आकडे नव्यांशी थेट ताडू नयेत.

[पडद्यावर: युनिप्रॉटमधली नोंद, पी६८८७१.]

ही माणसाच्या बीटा ग्लोबिनची नोंद. बदलांच्या यादीत सिकलसेल शोधायला सहाव्या जागी जाल, तर तो तिथे नाही. तो सातव्या जागी आहे. साखळी तयार होताना सुरुवातीला मिथिओनिन असतं आणि नंतर ते गळून पडतं. जुने शोधनिबंध ते सोडून मोजतात, डेटाबेस धरून मोजतो.