दोन कैदी, एक विमानतळ

[दृश्य: झुरिकचा विमानतळ, डिसेंबरचा महिना]

18 डिसेंबर 1976. स्वित्झर्लंडमधलं झुरिक. मॉस्कोहून एक विमान येऊन थांबतं. आत व्लादिमिर बुकोव्स्की बसलेत, वय 33. सोबत आई, बहीण आणि आजारी भाचा. मॉस्कोहून निघताना त्यांच्या हातात बेड्या होत्या आणि त्या बेड्या अमेरिकन बनावटीच्या होत्या, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय.

दुसऱ्या विमानाने चिलीहून लुईस कोर्वालान आलेत. वय 60, चिलीच्या कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस.

चिली आणि सोव्हिएत संघ यांचे राजनैतिक संबंध तीन वर्षांपूर्वीच तुटलेले होते. म्हणून मध्यस्थी अमेरिकेने केली. एक कैदी इकडे, एक कैदी तिकडे. दोघांना विमानं बदलायला लावली आणि व्यवहार पुरा झाला.

बुकोव्स्कींचा गुन्हा काय होता? सोव्हिएत संघात सरकारला प्रश्न विचारणाऱ्या माणसाला वेडा ठरवून मनोरुग्णालयात डांबलं जायचं. त्यासाठी 'सुस्त स्किझोफ्रेनिया' नावाचं एक निदानच तयार होतं. ज्याची लक्षणं दिसत नाहीत, असा आजार! अशा माणसांचे वैद्यकीय अहवाल बुकोव्स्कींनी मिळवले आणि 1971 मध्ये पश्चिमेकडच्या डॉक्टरांपर्यंत पोचवले. बदल्यात तुरुंगवास, श्रमछावणी आणि हद्दपारी अशी शिक्षा झाली. आयुष्याची जवळपास बारा वर्षं त्यांनी तुरुंग, छावण्या आणि मनोरुग्णालयांत काढली.

आणि कोर्वालान? 11 सप्टेंबर 1973 ला चिलीच्या सैन्याने निवडून आलेलं सरकार उलथवलं. राष्ट्राध्यक्ष साल्वादोर अय्येंदे ज्या ला मोनेदा प्रासादात होते, त्यावर चिलीच्याच विमानांनी बॉम्ब टाकले. अय्येंदे यांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. कोर्वालान काही दिवसांनी पकडले गेले. त्यांना दक्षिण टोकाला, मॅगेलनच्या सामुद्रधुनीतल्या बोचऱ्या थंडीच्या डॉसन बेटावर ठेवलं, नंतर इतर छावण्यांमध्ये हलवलं. तीन वर्षं खटला चाललाच नाही. त्यांच्या तरुण मुलाचे सान्तियागोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये हाल केले गेले. पुढे परदेशात तो अकाली गेला.

सोव्हिएत संघात तेव्हा 'कोर्वालानला सोडा' म्हणून सभा भरत होत्या. त्याच देशात बुकोव्स्कींचं नाव मोठ्याने घेणं धोक्याचं होतं. दुसऱ्याच्या तुरुंगातला कैदी हुतात्मा आणि आपल्या तुरुंगातला गुन्हेगार, हा हिशोब दोन्ही बाजूंनी अगदी चोख ठेवला होता.

[दृश्य: पॅरिस, 1948. संयुक्त राष्ट्रांची आमसभा]

हे असं व्हायचं नव्हतं. 10 डिसेंबर 1948 ला मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला, तेव्हा बाजूने 48 मतं पडली, विरोधात एकही नाही. सोव्हिएत गट, दक्षिण आफ्रिका आणि सौदी अरेबिया मिळून आठ देश तटस्थ राहिले. मसुदा घडवणाऱ्यांत चिलीचे एर्नान सान्ता क्रूस होते. भारताच्या हंसा मेहता होत्या. मुंबई प्रांताच्या विधिमंडळात काम केलेल्या या बाईंनी आग्रह धरला, म्हणून पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' ऐवजी 'सर्व माणसं' आली.

जाहीरनाम्याला कायद्याचं बळ द्यायचं ठरलं आणि तिथे महासत्तांची ओढाताण आडवी आली. अमेरिका म्हणे, हक्क म्हणजे मतदान, भाषण, न्यायालय. रशिया म्हणे, हक्क म्हणजे काम, घर, दवाखाना. शेवटी एका जाहीरनाम्याचे दोन करार झाले आणि ते मंजूर व्हायला 1966 साल उजाडलं. उपाशी माणसाला बोलायचंही असतं आणि बोलणाऱ्याला जेवायचंही असतं, ही साधी गोष्ट दोन तुकड्यांत कापली गेली. आमच्या मते शीतयुद्धाने केलेलं हे सगळ्यात खोल नुकसान. त्याचे परिणाम आजही चालू आहेत: आर्थिक आणि सामाजिक हक्कांचा करार अमेरिकेने अजून संमत केलेला नाही.

हे दोन्ही करार अमलात आले ते 1976 मध्ये, झुरिकच्या त्याच वर्षी. सोव्हिएत संघ आणि चिली या दोघांनीही ते आधीच स्वीकारले होते. कागदोपत्री सगळं ठीक होतं.

चिलीत अमेरिकेचा हात किती होता, हे अमेरिकेच्याच सिनेटच्या समितीने 1975 मध्ये उघड केलं. 1970 ची निवडणूक ते सत्तापालट या तीन वर्षांत अय्येंदेंच्या विरोधकांसाठी ऐंशी लाख डॉलरहून अधिक रक्कम गुप्तपणे खर्च झाली होती. जून 1976 मध्ये परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर सान्तियागोत आले. व्यासपीठावर मानवी हक्कांवर बोलले. सत्तापालटानंतर चिलीचे हुकूमशहा झालेले जनरल पिनोशे यांच्याशी बंद दाराआड झालेल्या भेटीत मात्र, तुम्ही इथे जे करताय त्याबद्दल आम्हाला सहानुभूती आहे, असं त्यांनी सांगितलं. त्या भेटीचा वृत्तांत पुढे गोपनीयतेतून मोकळा झाला. आज कुणीही तो वाचू शकतं.

पलीकडे मॉस्कोने 1956 मध्ये बुडापेस्टमध्ये आणि 1968 मध्ये प्रागमध्ये रणगाडे घातले. तेही जनतेच्याच नावाने.

[दृश्य: टाइपरायटर, कार्बन पेपर]

मग हक्क टिकले कुणामुळे? आमचं उत्तर आहे, टाइप करणाऱ्यांमुळे.

एप्रिल 1968 मध्ये मॉस्कोत एक बातमीपत्र सुरू झालं, 'चालू घडामोडींची नोंद'. पहिल्या संपादक कवयित्री नताल्या गोर्बानेव्स्काया. पातळ कागद, मध्ये कार्बन, एका दमात जमतील तितक्या प्रती. खालच्या प्रतीवरची अक्षरं जेमतेम लागायची. प्रत मिळालेला माणूस ती पुन्हा टाइप करून पुढे द्यायचा. बातमी कळवायची तर जिच्याकडून प्रत मिळाली तिला सांगायची, तिने तिच्या आधीच्याला, असं करत बातमी मागे सरकत संपादकापर्यंत जायची. मधल्या कुणाला सगळी साखळी ठाऊक नसे. भाषेत आरडाओरडा नाही. कुणाला कधी अटक झाली, कोणत्या कलमाखाली, कुठे नेलं, एवढंच. अंकाच्या शिरोभागी जाहीरनाम्याचं 19 वं कलम, म्हणजे मत मांडण्याच्या स्वातंत्र्याचं कलम, छापलेलं असे. गोर्बानेव्स्कायांनाही पुढे मनोरुग्णालयात टाकलं गेलं. अंक निघत राहिले.

सान्तियागोत मुख्य चौकातल्या कॅथेड्रलला लागून 'विकारिया'चं, म्हणजे छळ झालेल्यांना मदत करणाऱ्या चर्चच्या विभागाचं, कार्यालय होतं. कार्डिनल राऊल सिल्वा एन्रिकेस यांनी ते 1976 च्या आरंभी उघडलं. बायका रांगेत उभ्या राहायच्या. नवऱ्याला कुठून उचललं, अंगावर कोणते कपडे होते, गाडी कसली होती, कुणी पाहिलं, हे सगळं विचारून लिहून घेतलं जायचं. वकील बंदी प्रत्यक्षीकरणाचे, म्हणजे पकडलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा असे, अर्ज करायचे. असे हजारो अर्ज गेले. न्यायालयांनी मान्य केले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरीही अर्ज थांबवले नाहीत, कारण फेटाळलेल्या अर्जाचीसुद्धा सरकारदरबारी नोंद होते आणि पुढे ती पुसता येत नाही.

बंदी प्रत्यक्षीकरण म्हटलं की मराठी माणसाला 1976 आठवायलाच हवं. त्या एप्रिलमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीत हा हक्क मागता येणार नाही असा निकाल दिला. पाच न्यायमूर्तींपैकी एकटे ह. रा. खन्ना विरोधात उभे राहिले. येरवडा आणि नाशिकच्या तुरुंगांत तेव्हा विनाखटला डांबणाऱ्या 'मिसा' कायद्याखाली पकडलेली माणसं होती. मॉस्कोने त्या आणीबाणीला पाठिंबा दिला होता.

महासत्तांच्या चढाओढीतून एक गोष्ट मात्र त्यांना नको असताना घडली. 1 ऑगस्ट 1975 ला हेलसिंकीत 35 देशांनी युरोपच्या सुरक्षा आणि सहकार्याच्या करारावर सह्या केल्या. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्हना हवी होती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सीमांना मान्यता. ती मिळाली. पण मजकुरात मानवी हक्कांचाही भाग होता आणि सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या 'प्रावदा' या वृत्तपत्राने तो करार पूर्ण छापला. सरकारने स्वतः सही केलेला कागद लोकांच्या हातात पडला. मे 1976 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ युरी ओर्लोव्ह यांनी मॉस्को हेलसिंकी गट स्थापन केला. काम एकच, सही पाळली जाते की नाही ते तपासणं. ओर्लोव्ह लवकरच तुरुंगात गेले.

मार्च 1977 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर व्हाइट हाउसमध्ये बुकोव्स्कींना भेटले. हे धाडसाचं होतं आणि ते मान्य करायला हवं. त्याच कार्टरनी वर्षअखेरीला तेहरानमध्ये इराणच्या शहाचं तोंडभरून कौतुक केलं, शहाचे तुरुंग राजकीय कैद्यांनी भरलेले असताना. कोर्वालान मॉस्कोत राहिले आणि 1980 च्या दशकात चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून गुपचूप चिलीत परतले.

5 ऑक्टोबर 1988 ला, पिनोशेंनी सत्तेवर राहावं का या सार्वमतात, चिलीच्या मतदारांनी 'नाही' म्हटलं. सुमारे 56 टक्के मतं विरोधात पडली. लोकशाही आल्यावर सत्यशोधन आयोग बसला, तेव्हा विकारियाच्या फायली कामी आल्या. मारलेल्या आणि बेपत्ता केलेल्या तीन हजारांहून अधिक माणसांची नावं आज अधिकृत आहेत. न्यायालयांनी अधिकाऱ्यांना शिक्षा दिल्या, त्यातही हेच कागद पुरावा म्हणून उभे राहिले.

रशियात छळाच्या नोंदी जपणाऱ्या 'मेमोरियल' संस्थेला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये बंद करायला लावलं. जानेवारी 2023 मध्ये ओर्लोव्ह यांचा हेलसिंकी गटही न्यायालयाच्या आदेशाने विसर्जित झाला.

त्याच 2023 मध्ये चिलीच्या सरकारने बेपत्ता माणसांसाठी राष्ट्रीय शोधयोजना जाहीर केली. हजाराहून अधिक माणसांचे अवशेष अजून सापडलेले नाहीत. इतकी वर्षं हा शोध बायका, आया आणि बहिणी घेत होत्या. आता ती जबाबदारी सरकारने स्वतःकडे घेतली आहे.